भाडे गोठवणे आणि भाडेवाढ आवरणे

भाडेकरूचे संरक्षण करायचे म्हणजे भाडे गोठवायचे, ही समजूत मुंबईच्या अनुभवामुळे आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की, भाडेनियंत्रण हा शब्द उच्चारताच पडक्या चाळी आणि पिढ्यान्‌पिढ्या न बदललेले भाडे डोळ्यांपुढे येते. या समजुतीची किंमत आज बंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीतले भाडेकरू मोजत आहेत. बंगळुरू विकास प्राधिकरणाने होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या दरम्यान आखलेली ही वसाहत बाह्यवळण रस्त्यावरच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांना जवळची असल्यामुळे येथे राहणाऱ्यांत परगावाहून आलेल्या नोकरदारांचा भरणा मोठा आहे. महासाथीनंतर, २०२२ च्या उत्तरार्धात, कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना परत बोलावले, रिकामी घरे पाहता पाहता भरली आणि करार संपताच भाडे एकदम वाढवून मागण्याचे प्रकार शहरभर घडले.

येथील भाडेकरार सहसा ११ महिन्यांचा असतो, कारण १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि ११ महिन्यांच्या कागदाला ते बंधन लागू होत नाही. नूतनीकरणाच्या वेळी ५ ते १० टक्के वाढ, घर सोडताना रंगकामापोटी महिन्याचे भाडे कापणे आणि बंगळुरूत दीर्घकाळ रूढ असलेले दहा महिन्यांचे डिपॉझिट, अशी कलमे त्यात असतात. वाढीचा टक्का कागदावर असला, तरी करार पुढे चालू ठेवलाच पाहिजे असे मालकावर बंधन नसल्यामुळे त्या टक्क्याला फारसा अर्थ उरत नाही. उदाहरणादाखल, ४०,००० रुपये भाड्याच्या घरात चार लाख रुपये अडकलेले असतात. मालकाने भाडे ५०,००० मागितले आणि भाडेकरूने घर बदलायचे ठरवले, तर जुने डिपॉझिट हाती येण्यापूर्वी नवे उभे करावे लागते, दलालाला बहुधा महिन्याचे भाडे द्यावे लागते आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न वेगळाच असतो. घर घेताना दोन्ही पक्ष मोकळे असतात. एकदा बिऱ्हाड थाटले की भाडेकरू मोकळा राहत नाही, आणि भाडेवाढीची मागणी नेमकी त्यानंतर येते. भाडेकरूच्या संरक्षणाचे खरे समर्थन या विषमतेत आहे.

ही कल्पना कायद्यात आली ती मात्र युद्धाच्या वाटेने. १९१५ साली ग्लासगो शहरात युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली, घरमालकांनी भाडी वाढवली, मेरी बार्बर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी भाडे देण्यास नकार दिला आणि ब्रिटिश संसदेने भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर रोखली. मुंबईत असाच युद्धकालीन कायदा १९१८ साली झाला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ‘प्रमाण भाडे’, म्हणजे कायद्याने मान्य केलेले कमाल भाडे, मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जखडले. आणीबाणीतला हा उपाय होता आणि निर्वासितांनी भरलेल्या त्या शहरात तो न्याय्यही होता. चूक झाली ती आणीबाणी सरल्यावरही घड्याळ बंद ठेवण्यात.

त्या बंद घड्याळाचे परिणाम गिरगाव-परळच्या इमारतींवर दिसले. भाड्यातून दुरुस्ती भागेना, म्हणून मालकांनी हात झटकले. भाडेहक्काची किंमत ‘पागडी’ म्हणून रोखीने वसूल होऊ लागली. आणि जुन्या इमारतींवर उपकर लावून त्यांची दुरुस्ती करण्यासाठी १९६९ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ स्थापावे लागले. अखेर मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, केला तेव्हा वाजवी असलेला कायदा काळाच्या ओघात मनमानी ठरू शकतो. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. या दराने १०० रुपयांचे भाडे २५ वर्षांनी सुमारे २६७ रुपये होते, त्यामुळे जवळपास साठ वर्षे थिजलेल्या आकड्याचे दुखणे त्यातून बरे होणे शक्यच नव्हते.

कर्नाटकाने याच काळात दुसरे टोक गाठले. १९६१ च्या कायद्यानुसार रिकाम्या घराची सूचना मालकाने नियंत्रकाला द्यावी, इतपत सरकारी हात घराच्या दारापर्यंत पोचलेला होता; १९९९ च्या आणि २००१ च्या अखेरीस अमलात आलेल्या कर्नाटक भाडे अधिनियमाने बंगळुरूसारख्या शहरांत महिना ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. गोठलेल्या भाड्याला नकार देताना कायद्याने स्वतःच एक आकडा गोठवला आणि महागाईने तो निरर्थक करून टाकला. एचएसआर लेआउटमध्ये त्या भाड्यात आज खोलीदेखील मिळणार नाही. परिणामी, येथील भाडेकरूला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागू होतो, ज्यात वेगळा करार नसेल तर महिनेवारी भाडेकरार १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो आणि भाडे किती वाढावे याविषयी एक अक्षरही नाही.

या दोन टोकांमधली वाट अर्थशास्त्रात बऱ्याच आधी दाखवली गेली होती. रिचर्ड आर्नॉट यांनी १९९५ साली, भाडे गोठवणाऱ्या पहिल्या पिढीच्या कायद्यांवरून नंतरच्या लवचीक कायद्यांना जोखू नये, असे प्रतिपादन केले. त्याआधारे पाहता, घर नव्याने देताना भाडे मोकळे ठेवायचे आणि बिऱ्हाड चालू असताना फक्त वाढीचा वेग आवरायचा, असा भेद करता येतो. कॅलिफोर्नियाच्या २०१९ च्या कायद्याचा गाभा हाच आहे: वर्षाला ५ टक्के अधिक महागाईचा दर, पण एकूण १० टक्क्यांच्या आत, आणि १५ वर्षांच्या आतील बांधकामाला सूट. कडक नियंत्रणाचा धोका खोटा नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील १९९४ च्या नियंत्रणविस्ताराचा अभ्यास सांगतो की, भाडेकरू आपल्या घरात टिकले, पण मालकांनी भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटवला. म्हणूनच मर्यादा किती, यापेक्षा ती कुठे आणि केव्हा लागू होते हे अधिक महत्त्वाचे ठरते.

केंद्राने २०२१ साली मंजूर करून राज्यांकडे पाठवलेला आदर्श भाडेकरू कायदा राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते ठेवतो, जे बंगळुरूच्या भाडेकरूला फार मोठा दिलासा ठरेल. भाडेवाढ मात्र तो करारावर सोपवतो आणि करारात तरतूद नसेल तर तीन महिन्यांची लेखी पूर्वसूचना मागतो. एवढ्याने एचएसआर लेआउटमधली अडचण सुटत नाही, कारण ती कराराच्या मुदतीत नव्हे, मुदत संपताना उभी राहते. कॅलिफोर्नियात १२ महिने सलग राहिलेल्या भाडेकरूला सबळ कारणावाचून काढता येत नाही, आणि वाढीवरची मर्यादा या तरतुदीमुळेच टिकते. कर्नाटकाने तसे संरक्षण द्यायचे ठरवले, तर भाडेकरूचा काळ कागदाच्या तारखेवरून न मोजता त्या घरातल्या प्रत्यक्ष वास्तव्यावरून मोजावा लागेल. अन्यथा दर ११ महिन्यांनी नवा करार होईल आणि बारावा महिना कायद्याच्या लेखी कधी उजाडणारच नाही.