परतीची हमी

युरोपच्या सहलीसाठी पुण्यातला एखादा मध्यमवर्गीय माणूस जी फाइल तयार करतो ती एकदा सवडीने चाळून पाहावी. दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेच्या शिक्क्याचे स्टेटमेंट, कंपनीचे रजेचे पत्र आणि त्यात सुटी संपताच हा गृहस्थ कामावर रुजू होईल असे एक वाक्य, निवृत्त असेल तर पेन्शनचे कागद, जाण्याचे आणि येण्याचे विमान आरक्षण. शिवाय एजंट सुचवतो, ‘काका, फ्लॅटची इंडेक्स टू पण लावून टाका.’ कोथरूडच्या दोन बेडरूमचा लूव्रमधल्या चित्रांशी काय संबंध, असे काकांच्या मनात येते, पण ते इंडेक्स टू लावतात. चित्रकलेची आवड किती, इतिहास किती वाचला, हे सिद्ध करणारा कागद मात्र कोणी मागत नाही. तुम्ही तिथे काय पाहणार याच्याशी वकिलातीला फारसे कर्तव्य नसते. तुम्ही परत येणार का, एवढेच तिला हवे असते.

हे माझे अनुमान नाही, कायदाच तसा आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातले कलम २१४(बी) असे धरून चालते की पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच निघाला आहे. तसे नाही हे पटवून देण्याचे ओझे त्याच्यावर. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या खिडकीपाशी दोन-तीन मिनिटांत जे काही बोलणे होते ते या एका कलमाभोवती फिरते. शेंगेन व्हिसा नाकारण्याच्या छापील कारणांतही अर्जदार मुदतीत परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे, हे एक कारण असते. त्यांची विम्याची अट तर आणखी स्पष्ट. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण हवे आणि त्यात आजारी माणसाला, प्रसंगी त्याच्या मृतदेहाला, मायदेशी पोचवण्याचा खर्च धरलेला हवा. म्हणजे जिवंत असो वा नसो, पाहुणा परत गेला पाहिजे.

पुण्याला हा परतीचा प्रश्न नवा नाही. पूर्वी तो विचारणारे घरच्या उंबरठ्यावर उभे असत, एवढाच फरक.

समुद्रप्रवास शास्त्राने निषिद्ध ठरवला होता असे आपण सरसकट म्हणतो. ग्रंथ पाहिले तर गोष्ट इतकी सरळ नाही. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन पातित्य आणणाऱ्या कर्मांत मोजले आहे हे खरे, पण तेच सूत्र उत्तरेकडच्या लोकांत ही चाल आहे असेही नोंदवते आणि वर प्रायश्चित्त सांगते: तीन वर्षे मोजके खाणे, त्रिकाळ स्नान, दिवसा उभे राहणे, रात्री बसून काढणे. कडक आहे, पण वाट आहे. पुढे कलिवर्ज्ये आली, कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची यादी, आणि तिच्यात या विषयावरचे कलम फार नेमके आहे. नौकेने समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले असले तरीही त्याला पुन्हा पंक्तीत घेऊ नये. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी भांडारकर संस्थेने प्रकाशित केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांची ही सगळी यादी मांडून तपासली आहे. मला त्यातून एवढेच दिसते की निबंधकारांना समुद्राशी देणेघेणे नव्हते. माणूस जातो तर जाऊ दे. तो दार ठोठावील तेव्हा काय करायचे, हा त्यांचा विषय.

या दाराची परीक्षा पेशव्यांच्याच घराने घेतली. गादीसाठी इंग्रजांच्या नादी लागलेल्या राघोबादादांनी आपली बाजू मांडायला हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला विलायतेस पाठवले. बरोबर मणियार रतनजी आणि कर्सेटजी हे पारशी बापलेक होते. १७८१ साली ही मंडळी लंडनमध्ये होती. हणमंतरावाचे सोवळे सांभाळायचे कसे, हा पेच एडमंड बर्कने सोडवला. बीकन्सफील्डच्या आपल्या घरी त्याने त्यांना काचेचे रोपघर मोकळे करून दिले. तिथे ते स्वतःचे पाणी भरत आणि स्वतःचा स्वयंपाक करत. पार्लमेंटातला तो थोर वक्ता आपल्या बागेत महाराष्ट्रीय ब्राह्मणाची चूल पेटलेली पाहत उभा आहे, हे चित्र मला त्या वकिलातीच्या सगळ्या राजकारणापेक्षा मोलाचे वाटते. राजकारणातून तसे काही निष्पन्नही झाले नाही. विल्फर्ड नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये लिहितो की राघोबांनी पाठवलेले ब्राह्मण परतल्यावर बराच खल झाला आणि सोन्याच्या योनीतून पार होऊन पुनर्जन्म, या विधीने त्यांना शुद्ध करून घेतले गेले. विल्फर्डचे प्रत्येक वाक्य खरे मानावे असा तो लेखक नव्हे. आपल्या पंडिताने आपल्याला फसवले हे त्यानेच पुढे कबूल केले होते. पण विधीमागचा तर्क खोटा वाटत नाही. गेलेला माणूस परत घेता येत नसेल तर तो नव्याने जन्माला घालावा.

शंभर वर्षांनी हा प्रश्न एका मुलीने अंगावर घेतला, आणि कोणी विचारण्याआधीच. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. लोक आपल्याला जे सहा प्रश्न विचारतात ते त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेला का जाता? इथे शिकण्याची सोय नाही का? एकट्याच का जाता? परत आल्यावर वाळीत पडणार नाही का? काही संकट आले तर काय कराल? आणि कोणत्याही बाईने आजवर केले नाही ते तुम्ही का करावे? कोणत्याही वकिलातीचा अधिकारी यापेक्षा वेगळे काय विचारतो? हेतू, पर्याय, सोबत, परती, विमा. चौथ्याच्या उत्तरात त्या म्हणाल्या की मी तिथे इथल्यासारखीच राहणार आहे. आचार, अन्न, पोशाख बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून येथे राहायला येईन. आणि वाळीतच टाकायचे असेल तर आत्ताच का टाकत नाही? या उलट्या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्ता सोडले, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली आणि त्याच वर्षाअखेरीस क्षयाने खंगून परतल्या. पुण्याने त्यांना वाळीत टाकले नाही. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. मरायला आलेल्या मुलीशी शास्त्राचा वाद घालण्याची हिंमत शहराला झाली नाही की खरोखरच मन पालटले होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पहिल्या शंकेला आधार आहे. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसह काही मंडळींपुढे चहाचे पेले ठेवले गेले आणि उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली. छापवणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान. पुढचे ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत गेलेली फिर्याद, टिळकांचे काशीत आधीच प्रायश्चित्त घेतल्याचे निवेदन, रानड्यांचे १८९२ मधले प्रायश्चित्त आणि त्यावर सुधारकांनी धरलेला राग, हे सर्वांना ठाऊक आहे. अटलांटिक ओलांडलेली चालली आणि घरापासून चार गल्ल्यांवरचा चहा चालला नाही.

पुढे उंबरठ्यावरचा पहारेकरी बदलला. पहिल्या महायुद्धाने पासपोर्ट नावाचे पुस्तक सगळ्यांच्या खिशात आणले आणि १९१८ साली टिळकांना त्याचा अनुभव मिळाला. होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन ते विलायतेला निघाले, कोलंबोपर्यंत पोचले आणि तिथे लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने सर्वांचे पासपोर्ट रद्द केले. त्याच वर्षी इंग्रज पत्रकार चिरोलवरच्या खटल्यासाठी जाण्याची परवानगी मिळाली ती राजकारण करणार नाही अशा अटीवर. ज्या माणसाला एकदा मिशनच्या चहाने अडवले होते त्याला आता एका शिक्क्याने अडवले.

स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट ही सरकारची मर्जीच होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले, तेव्हा घाईने त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. कायदा आला तरी पैसे नव्हते. परकीय चलनाच्या दुष्काळात पी फॉर्म भरून, खिशात आठ डॉलर घेऊन निघालेल्यांची एक पिढी आपल्या सोसायट्यांत अजून आहे. ते हे फार रंगवून सांगतात आणि त्यांना तो हक्क आहे. आज उदारीकृत प्रेषण योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. दार आपल्या बाजूने उघडे आहे.

म्हणून सगळे लक्ष आता पलीकडच्या दाराकडे. मोझेल नदीकाठच्या शेंगेन या लक्झेंबर्गी खेड्याचे नाव आपल्याकडे चहाच्या टपरीवर ऐकू येते, ही मला गंमत वाटते. १४ जून १९८५ ला पाच देशांनी तिथे नदीतल्या बोटीवर करार केला. त्यांनी आपसातल्या भिंती पाडल्या आणि बाहेरची उंच केली. नियम सोपे आहेत. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस; पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन पाने कोरी; अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून, निदान पंधरा दिवस आधी; फी ९० युरो, नाकारला तरी गेली. जिथे जास्त राहणार त्या देशाकडे अर्ज, सगळीकडे सारखेच राहणार असाल तर पहिल्या पावलाच्या देशाकडे. दोनदा नियमाने जाऊन आलेल्या भारतीयांना २०२४ पासून दोन वर्षांचा आणि पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. परत येण्याची सवय हीच परतीची हमी, हे त्यांनाही पटलेले दिसते.

मात्र या नियमांनी सहलीचा आकार आतून बदलतो. अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम द्यायचा असतो: कोणत्या रात्री कोणते गाव, कोणते हॉटेल. तो लिहिला जातो अधिकाऱ्यासाठी. ल्युसर्नला आणखी एक रात्र राहावेसे वाटेल की नाही हे मार्चमध्ये कर्वे रोडवर बसून कोणाला कळणार? पण एकदा लिहिले, आरक्षणे झाली, की मे महिन्यात माणूस मार्चमधल्या स्वतःच्या मागे धावतो. वर्षानुवर्षे चाललेल्या ग्रुप टूरवर ‘पळवतात’ असा आरोप होतो तो मला अर्धाच मान्य आहे. पळवण्याची सुरुवात अर्जातल्या रकान्यांतच होते.

टूरवाल्यांनी हणमंतरावाची चूल मात्र चांगली ओळखली. केसरी पाटलांनी १९८४ साली कंपनी काढली तेव्हापासून मराठी माणूस परदेशात जाईल पण वरणभाताशिवाय फार दिवस टिकणार नाही, हे या धंद्याचे मूळ सूत्र राहिले. ३,४५४ मीटर उंचीच्या युंगफ्राऊयोखवर भारतीय जेवणाचे उपाहारगृह आहे आणि त्याचे नाव बॉलिवूड आहे. सोवळे गेले, सवय राहिली. आता उलट बाजूचे सोवळे आड येते. अमिरातीत खसखस मादक पदार्थांच्या यादीत बसते, तेव्हा दिवाळीचे अनारसे आणि खसखशीची बाकरवडी दुबईच्या भाचीसाठी नेऊ नयेत. युरोपीय संघात प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे; पेढे त्यात आले, साजूक तूपही. पंक्तीचे नियम प्रत्येकाचे असतात.

एकट्याने जाणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे आहे. मीना प्रभूंनी लंडनच्या घरातून निघून लॅटिन अमेरिका, तुर्कस्तान, चीन पालथे घातले आणि पुण्यात प्रवासवर्णनांच्या वाचकांची एक वेगळीच जात तयार केली. त्या वाटेने जायचे तर गाडी चालवण्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार मिळतो आणि वर्षभर चालतो. माझे मत विचाराल तर गाडी घेऊ नये. पुण्यात दुचाकीवरून उतरायलाच न मिळालेल्या माणसाला वेळेवर येणारी ट्राम आणि चालता येईल असा फुटपाथ ही जगातली दोन मोठी प्रेक्षणीय स्थळे आहेत.

आणि आपलाही एक जुना प्रश्न अजून जिवंत आहे, फक्त केनियाचे सिंह पाहून येणाऱ्यांसाठी. पीतज्वराचा विषाणू भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे. डेंग्यूमुळे पुण्यातल्या प्रत्येक घराला तो माहीत आहे. म्हणून पीतज्वर असलेल्या देशांतून परतणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र नसेल तर आपलेच आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात, मग त्याचा पासपोर्ट भारतीय का असेना. लस टोचल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते जन्मभराचे झाले आहे. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवर, ठरल्या वारीच मिळते, तेव्हा तिचा दिवस विमानाच्या तिकिटाआधी ठरवावा.