तीच गाडी

"सर, हिला नवी करायची कां जुनी?"

गेल्या वैशाखांत आमच्या मिस्त्रींनीं हा प्रश्न विचारला, तेव्हां ते आमच्या जीपगाडीखालीं उताणे पडले होते व त्यांचे केवळ पायच आम्हांस दिसत होते. प्रश्न त्यांना अगदीं साधा वाटत असावा; कारण उत्तराची वाट न पाहतां त्यांनीं पाना पुन्हा फिरवावयास घेतला. आम्ही मात्र निरुत्तर झालों. पंचवीस-तीस वर्षें महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवीत असतां जो प्रश्न आम्हीं दरवर्षीं फळ्यावर मांडला, दोन तासांत उलगडला आणि डस्टरनें पुसून टाकला, तोच एके दिवशीं तेलकट कपड्यांनिशीं आमच्या अंगणांत येऊन उभा राहील, अशी आमची कल्पना नव्हती.

गाडीची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. आमच्या आजोबांनीं ती 1968 सालीं घेतली. महिंद्र कंपनीनें अमेरिकेंतील विलीज कंपनीच्या परवान्यानें बांधलेली ही जीप. हिच्या एंजिनांत हवा आंत घेणाऱ्या झडपा डोक्यावर बसविलेल्या, त्यामुळें एंजिन उंच झालें व त्याला झांकण्यासाठीं बॉनेटहि उंच करावें लागलें. म्हणून ही जात दुरूनहि ओळखूं येते. मागचीं बाकें आजोबांनीं पहिल्याच वर्षीं काढून टाकलीं व तेथें उघडा हौदा करून घेतला. तेव्हांपासून ती माणसांची कमी आणि कडब्याची, सरकीची व खताच्या पोत्यांची अधिक झाली. बीड शहरास रेल्वे पोहोचली ती 2025 सालीं. परळीची बाजू सोडली तर या जिल्ह्यानें आपला सगळा संसार रस्त्यावरून वाहिला आहे. तेव्हां आमच्या गांवांत, अंबाजोगाईपासून पांच-सहा कोसांवर, अशा एका गाडीची किंमत काय होती तें निराळें सांगावयास नको.

1972 च्या दुष्काळांत त्या हौद्यांत पाण्याचीं पिंपें चढलीं. मुलें सुकडीवर, घरें लाल मिलोच्या भाकरीवर आणि धडधाकट माणसें खडी फोडण्याच्या कामावर, अशा त्या दिवसांत आजोबा रोज दोन खेपा करीत. भरलेल्या पिंपांच्या कडांनीं हौद्याच्या पत्र्यावर दोन गोल वण उमटले. आमचा जन्म त्याच सुमाराचा. पुढें लहानपणीं त्या वर्तुळांत बसून आम्हीं बाजाराला जाण्याचें सुख अनुभवलें आहे. पुढें पेट्रोलाचे भाव चढत गेले, तेव्हां 1984 सालीं आमच्या वडिलांनीं मूळचें एंजिन उतरविलें व ट्रॅक्टराच्या जातीचें एक जुनें डिझेल एंजिन तिच्यांत बसविलें. नोंदणीच्या पुस्तकांत त्याची रीतसर नोंदहि करून घेतली. आजोबांना तें रुचलें नाहीं. "ही आपली गाडी नव्हे, हा ट्रॅक्टर," असें म्हणून आठ दिवस ते तींत बसले नाहींत. नवव्या दिवशीं रात्रीं शेजारच्या वाडींतील एका बाळंतिणीस अंबाजोगाईच्या दवाखान्यांत न्यावें लागलें. वडील परगांवीं होते. आजोबा उठले, चक्राशीं बसले व गाडी घेऊन गेले. ट्रॅक्टराचा विषय पुन्हा निघाला नाहीं.

वडिलांच्या पश्चात् गाडी अकरा वर्षें गोठ्यांत उभी होती. कोंबड्यांनीं तींत अंडीं घातलीं, उंदरांनीं तारा कुरतडल्या. ती दुरुस्त करून रोज महाविद्यालयास जावें व येतांना जनावरांस पेंड आणावी, असा बेत आम्हीं केला, तोंच पुण्याहून आमच्या बंधूंचा निरोप आला. तेथील जुन्या गाड्यांच्या एका संग्राहक गृहस्थांस ती हवी आहे. गोठ्यांत पोत्याखालीं पडलेलें पेट्रोलचें एंजिन ते पुन्हा बसवितील, हौदा काढून बाकें घालतील, वण काढून पत्रा सपाट करतील, आणि गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवसासारखी करून ठेवतील. रक्कमहि बरी होती. "दादा, तिचें भलें त्यांच्याकडेच होईल," हें बंधूंचें शेवटचें वाक्य. मिस्त्रींच्या प्रश्नास धार आली ती या निरोपामुळें.

कायदाहि याच प्रश्नाशीं येऊन ठेपतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 सालीं भर पडली व पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांस 'विंटेज' असा निराळा दर्जा मिळूं लागला. अट अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी. सांगाडा, कवच व एंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा. आणि पुढची अट अशी कीं, अशी गाडी रोजच्या कामास रस्त्यावर आणूं नये. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेंच तिनें बाहेर पडावें. नियमाशीं आमचें भांडण नाहीं. रस्त्यावरील गर्दी पाहतां तो शहाणपणाचाहि असेल. परंतु या दोन अटी शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे त्यांच्या मागें उभें असलेलें एक मत दिसूं लागतें: वस्तूचें खरें रूप तें तिचें पहिलें रूप, आणि त्या रूपाचा सन्मान करणें म्हणजे तिला कामांतून मोकळें करणें.

हें मत खरें आहे काय?

थीसियसच्या जहाजाची कथा इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक पदवीधरास ठाऊक असते. अथेन्सवासीयांनीं त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हां तें तेंच जहाज राहिलें कीं नाहीं याविषयीं पंडितांत दोन तट पडले, असें प्लूटार्कनें लिहून ठेवलें आहे. हॉब्सनें सतराव्या शतकांत त्यांत मेख मारली: काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या व त्याच क्रमानें जोडून दुसरें जहाज उभें केलें, तर खरें कोणतें? आमच्याकडे हा विचार त्याहून पुढें गेला आहे. मिलिंदप्रश्नांत नागसेन राजास विचारतो कीं, आपण रथांतून आलांत; तर आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? राजा नाहीं म्हणत जातो, आणि शेवटीं 'रथ' हें केवळ व्यवहाराचें नांव उरतें. नैयायिकांनीं याच्या उलट बाजूनें जाऊन तितकीच कठोर गोष्ट सांगितली: पटांतील एक तंतु काढला कीं तो पट नष्ट झाला, उरला तो नवा खंडपट. या न्यायानें आमची गाडी 1968 नंतरच्या पहिल्या पंक्चरालाच संपली!

पन्नाशी उलटल्यावर आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, या सर्व थोर मंडळींनीं उभ्या असलेल्या वस्तूचा विचार केला. जहाज बंदरांत उभें आहे, रथ राजवाड्याबाहेर उभा आहे, पट घडी करून ठेवलेला आहे. आमच्या गांवच्या सुतारास हा पेंच कधीं पडला नाहीं. बैलगाडीची धाव झिजली, त्यानें नवी चढविली. आरे गेले, आरे घातले. तुंबा फुटला, तुंबा केला. पुढें लांकडी चाकेंच गेलीं व टायर आले. ऊस तोडावयास जाणारीं हजारों कुटुंबें दरवर्षीं ज्या टायरगाड्या घेऊन या जिल्ह्यांतून निघतात, त्यांतील एखाद्या गाडीचा मालक 'ही आज्याची गाडी' म्हणतो, तेव्हां तो खोटें बोलत नसतो. बदललेला भाग जुन्या भागांच्या सोबतींत राहतो, त्यांच्याबरोबर ओझें ओढतो, त्यांच्याबरोबर झिजतो. दिंडींतील माणसें दर पिढीस बदलतात, पण नवा वारकरी जुन्यांच्या मागें चालूनच पाऊल टाकावयास शिकतो. म्हणून दिंडी तीच. उद्यां सगळीं माणसें एका दिवसांत बदलून केवळ पताका तीच ठेवली, तर आम्ही तिला तीच दिंडी म्हणणार नाहीं. वडिलांनीं एकदम सबंध एंजिन बदललें तें या सीमेच्या अलीकडे कीं पलीकडे, याविषयीं आमचें मन पूर्णपणें निःशंक नाहीं. पण आजोबांनीं त्याचा निकाल नवव्या दिवशीं दिला होता, आणि त्या बाबतींत त्यांचा अधिकार आमच्याहून मोठा.

'मूळ' हा शब्दच पाहावा. नियमांत त्याचा अर्थ 'आरंभींचें' असा आहे. पण आमच्या भाषेंत झाडाला मूळ असतें, तें झाडाचें बालपण नव्हे. झाड ज्याच्यावर आज उभें आहे व ज्यांतून आज पाणी घेत आहे, तें त्याचें मूळ. त्या अर्थानें आमच्या गाडीचें मूळ कारखान्यांत शोधण्याचें कारण नाहीं. तेथें ती पुष्कळ गाड्यांपैकीं एक होती. हौदा, पिंपांचे वण व वडिलांचें एंजिन यांनीं तिला ती केली. संग्राहक गृहस्थ जें काढून टाकूं इच्छितात, तेंच तिचें चरित्र. तथापि अशा लोकांची आम्ही निंदा करणार नाहीं; त्यांच्या हौसेअभावीं कित्येक गाड्या केव्हांच भंगारांत गेल्या असत्या, आणि जुन्या एंजिनाची माहिती आमच्या मिस्त्रींस अशाच एका शौकिनाकडे काम केल्यामुळें झाली आहे.

शिवाय सर्वच वस्तु वापरांत राहाव्या असें आम्हांस म्हणतां येत नाहीं, कारण आम्ही अंबाजोगाईस शिकवितों. दासोपंतांची पासोडी येथेंच आहे. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचें जाडेंभरडें वस्त्र. पंतांनीं त्यावर पंचीकरण लिहिलें आणि तें वस्त्र वापराच्या पलीकडे गेलें. थंडी वाजते म्हणून आज ती कोणी पांघरूं लागला, तर आम्हीच प्रथम त्याचा हात धरूं. उलट बीडजवळची खजाना विहीर पाहा. निजामशाहीच्या काळांत बांधलेल्या त्या विहिरीचें पाणी भुयारी पाटांनीं शेतांत जातें; उद्यां पाणी अडवून तिला नुसती पाहण्याची वस्तु केली, तर दगड राहतील व विहीर जाईल. परळीस वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनीं केला. रस्किननें 1849 सालीं जीर्णोद्धारास असत्य ठरविलें, त्या कसोटीस तो कदाचित् उतरणार नाहीं, पण पूजा खंडित झाली नाहीं. पासोडीवर एकदांच व कायमचें असें कांहीं लिहिलें गेलें आहे. आमच्या गाडीवर तसें काय आहे? दोन वण. ते पंचीकरण नव्हेत, हें कबूल केलें पाहिजे.

येथवर विचार आमच्या सोयीचा झाला. आतां गैरसोयीचा. दुरुस्ती झाल्यावर पहिल्या महिन्यांत आम्ही रोज मोठ्या ऐटीनें निघत असूं. किल्ली फिरवून वीस अंक मोजावे, मग एंजिन जागें होतें. गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबावा. ब्रेक जुन्या पद्धतीचे, म्हणून समोरचा माणूस काय करील याचा विचार त्याच्याआधीं करावा. या सगळ्यांत एक प्रकारचा विनय अंगीं येतो, असें आम्ही वर्गांत सांगूं लागलों होतों. एके सकाळीं चढावर आरशांत पाहिलें, तों आमच्याच वर्गांतील एक विद्यार्थिनी सायकलवरून मागें येत होती. आमच्या धुरांतून बाहेर पडेपर्यंत तिनें तोंडावर ओढणी धरली होती. त्या तासाला ती पहिल्या बाकावर बसली व आम्ही कांट शिकवीत होतों, म्हणजे दुसऱ्या माणसास केवळ साधन म्हणून वापरूं नये हा भाग. आमचें पितृप्रेम तिच्या छातींत जावें यास कोणता युक्तिवाद आहे? ती कोणाच्या आजोबांची गाडी, याच्याशीं तिच्या फुप्फुसांचा कांहीं संबंध नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं डिझेलचा पंप व नोझलें उतरवून तपासावयास पाठविलीं. धूर पुष्कळ कमी झाला, गेला नाहीं. दर पांच वर्षांनीं होणाऱ्या तपासणींत गाडी बसते, परंतु कायद्यास पुरे तें मनास पुरे असतेंच असें नाहीं. त्यानंतर आम्हीं असा परिपाठ ठेवला आहे कीं, ओझें असेल त्या दिवशीं गाडी न्यावी, नुसतें स्वतःचें शरीर न्यावयाचें असेल तेव्हां एस. टी. नें जावें. म्हणजे आठवड्यांतून तीन-चार दिवस ती रस्त्यावर असते. बंधू म्हणतात, ही तडजोड झाली. झाली खरी.

बंधूंस आम्हीं नकार कळविला. मात्र पोत्याखालचें पेट्रोल एंजिन त्या गृहस्थांस हवें असल्यास न्यावें, असेंहि कळविलें. दुसऱ्या कोणा गाडीस तें लागेल. हॉब्सला यांत मौज वाटली असती. त्यांनीं तें नेलें, पैसे दिले, आणि आम्हीं त्यांतून टायर घेतले.

राहिला हौद्याचा पत्रा. तो खालून इतका सडला होता कीं, मिस्त्रींनीं हातोडीचा हलका ठोका देतांच ती आरपार गेली. वण राखावे असा आमचा हट्ट होता. मिस्त्री म्हणाले, "राखतो सर, पण मग पेंडीचं पोतं टाकूं नका." त्यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. नवा पत्रा बसला, व जुना भिंतीशीं उभा राहिला. भंगारवाला गांवांत आला तेव्हां मिस्त्रींनीं विचारलें, देऊं कां? आम्ही उत्तर शोधीत होतों, तोंच आमच्या मातोश्री, वय वर्षें चौऱ्याऐंशी, ओसरीवरून म्हणाल्या, "तो कशाला देतोस? हौदाला झांकण नाहीं, कावळे पाणी नासतात." सडलेली कड कापून मिस्त्रींनीं त्याला दोन कड्या बसवून दिल्या. जनावरांच्या पाण्याच्या हौदावर आतां तो असतो. एक वण पुरता आहे, दुसरा कडेला कापला गेला आहे. सकाळीं गडी तो उचलतो, बादल्या भरतो, आणि पुन्हा ठेवतांना वण खालीं गेला कीं वर राहिला हें कांहीं तो पाहत नाहीं.