नवसाची जुळी, उपचाराची जुळी

अपत्य हे दैवाचे दान की मानवी प्रयत्नाचे फळ, हा प्रश्न मुंबईतील लालबाग-परळच्या परिसरात केवळ पोथीपुरता उरत नाही. कारण १९३४ पासून बसणाऱ्या ‘लालबागचा राजा’ या गणपतीच्या चरणी तान्ही मुले ठेवून नवस फेडले जातात, आणि त्याच परिसरातील केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून, शरीराबाहेर फलन घडवून गर्भाशयात रुजवलेले बाळ जन्माला आले. (कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे १९७८ मध्येच साधले होते, परंतु हयातीत त्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. त्यांचे श्रेय त्यांना मिळावे म्हणून पुढे आनंद कुमार यांनीच आग्रह धरला, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.)

शरीराबाहेरील फलनाच्या अशा उपचारातून राहिलेली जुळी अपुऱ्या दिवसांची, म्हणजे ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मली, तर ‘निसर्गाच्या कामात हात घातल्याचे हे फळ’ असा ठपका घरातूनच ठेवला जातो. वैद्यकीय अनुभव या ठपक्याला फारसा आधार देत नाही. फुप्फुसे उघडी ठेवणारा स्निग्ध द्रव पुरेसा न बनल्याने होणारा श्वासाचा त्रास, मेंदूतील रक्तस्राव किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार, हे धोके मुख्यतः बाळ किती आठवड्यांचे व किती वजनाचे आहे यावर ठरतात. सारख्याच आठवड्यांच्या जुळ्यांची तुलना केली असता गर्भ कोणत्या मार्गाने राहिला याचा वाटा बराच लहान ठरतो. शिवाय एकाच वारेवर, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या एकाच अवयवावर, वाढणाऱ्या दोन गर्भांत रक्ताची वाटणी विषम होण्याचा गंभीर धोका असतो, आणि नैसर्गिक गर्भधारणेतील जुळ्यांमध्ये अशांचे प्रमाण अधिक असते, तर उपचारातील बहुतेक जुळी दोन वेगळ्या भ्रूणांपासून व स्वतंत्र वारांवर वाढतात. निसर्ग नेहमीच अधिक सौम्य असतो, हे गृहीतकच येथे डळमळते.

तरीही दैव की प्रयत्न हा प्रश्न संपत नाही, तो सरकतो. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागात आयुष्याचा विचार करताना दैव म्हणजे पूर्वदेहात केलेले कर्म आणि पुरुषकार म्हणजे या देहात केलेले कर्म, अशी फोड करून, दोहोंपैकी जे बलवान असेल ते दुर्बलावर मात करते, असे प्रतिपादन केले आहे; म्हणजे उपचार करणे हा दैवाचा अवमान नव्हे, कारण दैव हेही अखेर कर्मच आहे. परंतु या मांडणीची दुसरी बाजू सहसा सोयीने विसरली जाते: पुरुषकार स्वीकारला की त्याचे उत्तरदायित्वही स्वीकारावे लागते. नैसर्गिक जुळ्यांबद्दल कोणालाही जाब विचारता येत नाही, मात्र उपचारात गर्भाशयात किती भ्रूण सोडायचे हे माणसे ठरवतात, आणि एकाऐवजी दोन किंवा तीन सोडल्यास यशाची आशा वाढते तशी जुळ्या-तिळ्यांची आणि त्यांच्यासोबत अकाली प्रसूतीची शक्यताही वाढते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांपूर्वी जन्मतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याने भ्रूणांचा आकडा ठरवताना केवळ दाम्पत्याच्या उतावीळपणाकडे किंवा उपचारकेंद्राच्या यशाच्या टक्केवारीकडे पाहणे समर्थनीय नाही. या उतावीळपणामागे पैशांची चणचण हे खरे कारण आहे: एका फेरीतच काम व्हावे, असे कर्ज काढून आलेल्या कुटुंबाला वाटणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच त्यांना धोका समजावून सांगण्याचे ओझे वैद्यावर अधिक आहे.

गर्भ कसा राहिला, हा प्रश्न आईला विचारण्याचे नातलगांना काहीच कारण नाही. भ्रूण किती सोडणार आणि का, हा प्रश्न मात्र प्रत्येक दाम्पत्याने उपचाराच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावा.