पापात वाटा नव्हता, पदकात होता

३० सप्टेंबर २००० रोजी सिडनीत मायकल जॉन्सन ऑलिंपिकमधली आपली शेवटची शर्यत धावला. ४ बाय ४०० मीटर रिलेचा अखेरचा टप्पा त्याचा होता. ताठ पाठ, आखूड आणि झपझप पडणारी पावलं. अमेरिकेनं २ मिनिटं ५६.३५ सेकंदांत शर्यत जिंकली आणि डॅलसच्या या धावपटूचं पाचवं ऑलिंपिक सुवर्ण झालं.

त्याच्या वैयक्तिक पराक्रमांपुढे रिलेतली त्याची कारकीर्द झाकोळली जाते. १९९२ मध्ये बार्सिलोनाला जाण्याआधी त्याला अन्नातून विषबाधा झाली आणि २०० मीटरची अंतिम फेरीही त्याला गाठता आली नाही. त्या वेळी त्याला सुवर्ण मिळालं ते रिलेमुळे. १९९३ मध्ये स्टुटगार्टला याच रिलेत त्यानं अखेरचे ४०० मीटर ४२.९४ सेकंदांत कापले. त्या दिवशीचा २:५४.२९ हा विश्वविक्रम २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही मोडला नाही.

मे २००८ मध्ये सिडनीतला त्याचा सहकारी अँटोनियो पेटिग्रू न्यायालयात साक्षीला उभा राहिला. १९९७ पासून आपण बंदी असलेली द्रव्यं घेत होतो, हे त्यानं कबूल केलं. जॉन्सनवर कसलाही आरोप नव्हता. तरीही ऑलिंपिक समितीच्या निकालाची वाट न पाहता, हे पदक न्यायानं मिळवलेलं नाही, मी ते परत करतो, असं त्यानं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये समितीनं संपूर्ण संघाचं सुवर्ण काढून घेतलं.

न केलेल्या पापाचं फळ त्यानं का भोगावं?

महाभारतातल्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो, की पाप एकटा करतो आणि त्याचं फळ अनेक जण उपभोगतात. उपभोगणारे सुटतात, दोष करणाऱ्यालाच चिकटतो. या न्यायानं जॉन्सन केव्हाच सुटला होता. आधुनिक कायदाही काही वेळा विदुराच्याच बाजूनं झुकला आहे. अमेरिकन धावपटू मॅरियन जोन्सनं उत्तेजकं घेतल्याची कबुली दिल्यावर सिडनीतल्या तिच्या रिले सहकाऱ्यांची पदकं २००८ मध्ये काढून घेतली गेली होती. २०१० मध्ये क्रीडा लवादानं ती परत दिली, कारण संपूर्ण संघाला बाद करण्याची स्पष्ट तरतूद सन २००० च्या नियमांत नव्हती. पुढे वारं फिरलं. सहकारी नेस्टा कार्टरच्या नमुन्यात उत्तेजक सापडल्यामुळे २०१७ मध्ये उसेन बोल्टला बीजिंगमधलं रिले सुवर्ण गमवावं लागलं.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणीच कानावर पडते. माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का, असं तो घरच्यांना विचारतो आणि ते सरळ नाही म्हणतात. वाल्याचे डोळे उघडतात, त्याचा वाल्मीकी होतो. गोष्ट थोर आहे, पण तिच्यात एक माणूस कायम बाहेरच राहतो: ज्याला लुटलं तो वाटसरू. घरच्यांना पाप लागलं नाही, हे मान्य केलं तरी त्यांच्या अंगावरचं वस्त्र, ताटातलं अन्न कुणाचं होतं? ते परत करा, असं त्यांना कुणी सांगत नाही.

जॉन्सनचं वेगळेपण इथे आहे. आपण दोषी आहोत का, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या बाजूनंच होतं. हे आपलं आहे का, हा प्रश्न त्याहून निराळा आणि जास्त अवघड. निर्दोष माणसाकडेही दुसऱ्याची वस्तू असू शकते. कर्मविचारात कर्त्याच्या शुद्धीची चर्चा फार होते, वस्तूच्या खऱ्या धन्याची त्या मानानं कमी. ही उणीव लहान नाही.

त्या रिलेत वाटसरूला नावं आहेत. क्लेमेंट चुक्वू, ज्यूड मोन्ये, संडे बाडा आणि एनेफिओक उडो-ओबोंग हे नायजेरियाचे चौघे सिडनीत दुसरे आले होते. त्यांना सुवर्ण देण्याचा निर्णय व्हायला २०१२ चा जुलै उजाडला. पदक परत करण्याचं जॉन्सनचं पाऊल कितीही मोठं असलं तरी त्या संध्याकाळी त्यांचं राष्ट्रगीत वाजायला हवं होतं, ते देणं त्याच्या हातात नव्हतं. शिवाय संडे बाडा डिसेंबर २०११ मध्येच वारला होता. आपण ऑलिंपिक विजेते आहोत, हे त्याला अधिकृतपणे कधीच कळलं नाही.