चारांतलं एक

आरोप करावा तर नाव घेऊन करावा, असा सभ्य माणसांत एक संकेत आहे. मोटारीतल्या एका पिवळ्या दिव्याला तो मान्य नाही. नालेसारखी आकृती, मधोमध उद्गारचिन्ह, आणि अर्थ इतकाच की कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे. कुठल्या? ते तुमचं तुम्ही बघा! (चाकागणिक आकडे दाखवणाऱ्या गाड्याही असतात. त्यांच्या मालकांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल.) अमेरिकेत २००७ सालच्या सप्टेंबरपासून नव्या मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला. हवा पाव हिश्शानं उतरली की तो लागलाच पाहिजे. चाकाचं नाव सांगायची सक्ती मात्र तिथल्या नियमातही नाही.

दिवा लागला की गाडीतली सगळी मंडळी खाली उतरून न्यायाधीश होतात. कुणी चाकाला लाथ मारून बघतो, कुणी वाकून बघतो. आता रेडियल टायर मुळातच जमिनीशी जरा फुगलेला दिसतो. बिचारा निर्दोष असतो, पण पोट सुटल्यामुळे पकडला जातो! गेल्या महिन्यात पंक्चर झालेलं चाक तर बिनचौकशी दोषी.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की हेच होतं. एकदा ४,५०० रुपये कमी आले. सगळ्यांच्या नजरा नव्या कॅशियर मुलाकडे. आमचे हेडकॅशियर मात्र कुणाकडेही बघेनात. ते म्हणाले, "फरकाला नवानं भाग जातोय. कुठंतरी आकडे उलटे पडलेत. सगळ्यांच्या स्लिपा काढा." सगळ्यांच्या म्हणजे स्वतःच्यासुद्धा. ७,२०० दिलेल्या एका स्लिपेची नोंद २,७०० निघाली. अक्षर त्या मुलाचं नव्हतं. संशयात सर्वांत मोठा आवाज ज्यांचा होता, त्यांचं होतं.

चाकांचीही रीत हीच. गाडी निदान तीन तास उभी राहून टायर गार झाले की गेज चारही चाकांना लावायचा. जुन्या गुन्हेगाराला आधी नाही आणि चांगल्या चालीच्याला माफी नाही. आणि आकडा ताडायचा तो दाराच्या चौकटीवर कंपनीनं चिकटवलेल्या कागदाशी. टायरच्या अंगावर लिहिलेला नव्हे; तो जास्तीत जास्त किती सोसेल याचा आहे. शेजारच्या चाकाशी तर मुळीच ताडायचा नाही.

शेजाऱ्याचं एवढ्यासाठी म्हणतो की पुष्कळ गाड्यांत तो दिवा शेजाऱ्याकडे बघूनच लागतो. चाकात हवा मोजणारं काही नसतंच. ब्रेकच्या यंत्रणेतले सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजतात. हवा उतरली की चाक किंचित लहान होतं, आणि बाकीच्यांच्या बरोबरीनं जायला त्याला जास्त फेरे मारावे लागतात. म्हणजे ज्याचा दम कमी, त्याचीच धावपळ जास्त! (हे वाक्य कुठल्याही ऑफिसात भिंतीवर लावायला हरकत नाही.) तिघांपेक्षा एकाचे फेरे वाढले की दिवा लागतो.

पण चारही चाकं सारखीच उतरली तर? साधी यंत्रणा असेल तर ती गप्प बसते. कुणी कुणापेक्षा वाईट नाही, म्हणजे सगळं ठीक! शिवाय दिवा विझवायचं बटणही असतं. हवा न भरता ते दाबलं, तर आहे तीच हवा बरोबर धरून गाडी खुशाल पुढं जाते.

आपली सदसद्विवेकबुद्धी बहुधा याच बनावटीची असावी. सगळे साडेदहाला येतात, म्हणून आपण साडेदहाला. सगळे पावतीशिवाय घेतात, म्हणून आपणही. मनात दिवा लागत नाही, कारण शेजारीही तितकाच ढिला असतो. आणि एखाद्या दिवशी लागलाच, तर बटण असतंच हाताशी.

म्हणून दिवा लागला की एकाला धरू नये आणि लागला नाही म्हणून चौघांना सोडू नये. महिन्यातून एकदा दाराची चौकट वाचावी. गेज फार महाग नसतो. तो स्वतःला लावायची सोय मात्र अजून कुठल्याही पेट्रोलपंपावर झालेली नाही.