प्रल्हादाला विचारलेला प्रश्न आणि माझ्या हेडफोनमधला चोखोबा



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, सप्तम स्कंध, अध्याय पाचवा.

हिरण्यकशिपू पोराला मांडीवर घेतो आणि लाडाने विचारतो, बाळा, इतके दिवस गुरूंकडे राहिलास, शिकलास त्यातलं सगळ्यात चांगलं काय ते सांग बघू. प्रश्न अगदी साधा आहे. कुठलाही बाप विचारेल असा. पोरगं आज पाढे म्हणून दाखवेल, नाहीतर राजनीतीचं एखादं सूत्र, एवढीच त्याची अपेक्षा. शिकवायला तरी कोण, तर शुक्राचार्यांचे दोन मुलगे, शंड आणि अमर्क. म्हणजे त्या काळचा टॉपचा क्लास!

आणि प्रल्हाद सांगतो नवविधा भक्ती. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. बाप आधी गुरुजींवर भडकतो, हे खूळ याच्या डोक्यात भरलं कोणी म्हणून. शेवटी पोराला मांडीवरून खाली ढकलून देतो.

ही यादी आपल्याला पाठ असते, म्हणून आपण तिच्यावरून पटकन पुढे जातो. मी आज पहिल्याच शब्दावर थांबलो. श्रवण. देवाला हार घालण्याच्या, पाया पडण्याच्या, त्याचं नाव घेण्याच्याही आधी ऐकणं. प्रल्हाद स्वतः तसाच शिकलाय. आई कयाधू नारदांच्या आश्रमात होती, तेव्हा तिच्या पोटात असताना त्याने ऐकलं. हे तो पुढे सातव्या अध्यायात स्वतःच सांगतो.

आता माझ्या हेडफोनबद्दल. गेल्या आठवड्यात टीममधल्या एका मुलीने विचारलं, "तू कोडिंग करताना काय ऐकतोस रे? एकदम गायब असतोस." सध्या दोनच गाणी चालू आहेत. एक पंडित जितेंद्र अभिषेकींच्या आवाजातलं 'अबीर गुलाल', दुसरं किशोरीताई आमोणकरांचं 'अवघा रंग'. तिला तेवढंच सांगितलं. का ऐकतो हे चहा संपेपर्यंत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

दोन्ही अभंग एकाच घरातले आहेत. पहिला संत चोखामेळ्यांचा, दुसरा त्यांच्या पत्नी सोयराबाईंचा. आणि हे घर आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे चोखोबांचं जन्मगाव मानतात. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या दर्शनाला जाणारे कितीतरी लोक आहेत, पण तिथून जवळच मेहुणाराजा आहे हे आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना माहीत नसतं. त्या एका घरात कवी किती? चोखोबा, सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. सगळ्यांचे अभंग आहेत. एवढं लिहिणारं घर, आणि पंढरपूरच्या देवळात यांच्यापैकी एकालाही प्रवेश नाही.

'अबीर गुलाल' आपण आषाढीला ऐकतो. ठेका छान आहे, चाल उचलून धरणारी आहे, डोळ्यांसमोर वाळवंट आणि पताका येतात. स्टेटसला टाकायला तर एकदम फिट. पण स्टेटसवर जेवढा तुकडा बसतो, त्यात फक्त रंग येतो. पुढे जाऊन चोखोबा विचारतात की आम्ही जातीने हीन ठरवलेली माणसं, या उंबरठ्याला शिवायचं कसं, तुझं रूप बघायचं कसं. तो प्रश्न स्टेटसच्या बाहेरच राहतो. नाथाच्या घरी रंग उधळला जातोय आणि गाणारा माणूस दाराबाहेर उभा आहे, असं ते चित्र आहे.

हॉस्टेलमधला माझा एक मित्र देऊळगाव राजाकडचा. घर बौद्ध. त्याची आजी हे अभंग गुणगुणायची, तो मात्र भजनापासून लांबच. एकदा रूमवर हे गाणं लागलं तेव्हा तो म्हणाला, "तुमाले यात रंग आयकू येते बे, मले उंबरठा आयकू येते." मग परत पुस्तकात डोकं घालून बसला. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं, त्यात नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहेत, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. चोखोबांनी बाहेर उभं राहून गाण्यापेक्षा भांडायला हवं होतं, असं त्याचं मत आहे. मला वाटतं त्या अभंगांत भांडण आहेच, फक्त ते देवाशी आहे. यावर आमचं आजही एकमत नाही.

आता प्रल्हादाची यादी परत बघा. पादसेवन, अर्चन यांना साध्या अर्थाने घेतलं तर मूर्तीपाशी जावं लागतं, म्हणजे दार उघडं लागतं, आणि कुणीतरी आत सोडावं लागतं. श्रवण, कीर्तन, स्मरण या पहिल्या तिघांना मात्र उंबरठा नाही. भिंत माणसाला अडवते, आवाजाला नाही. चोखोबांना दर्शन नाकारणाऱ्यांना टाळ-मृदंगाचा आवाज महाद्वाराच्या आत कोंडून ठेवता आला नाही.

अर्थात कानांवरही पहारे होतेच, ते विसरून चालणार नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउली वेदांना चक्क कंजूष म्हणतात. एवढी संपत्ती असून ते तीनच वर्णांच्या कानांशी बोलले, स्त्रिया आणि शूद्र बाहेर राहिले. ती उणीव भरून काढायला गीता आली, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कोणी काय ऐकावं हा प्रश्न प्लेलिस्टच्या फार आधीचा आहे. आपल्याला आज एका क्लिकवर सगळं ऐकता येतं, ते कुणाच्या तरी कानांवरचा पहारा उठल्यावरच.

पंढरपूरचं दार उघडायला तर १९४७ साल उजाडलं. साने गुरुजी त्या मे महिन्यात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे मंदिर सगळ्यांना खुलं झालं. चोखोबा गेले १३३८ साली. सहाशे नऊ वर्षं!

सोयराबाईंचं गाणं मी नेहमी याच्यानंतरच लावतो, उलट क्रमाने नाही. नवरा उंबरठ्यावर अडकलाय, आणि बायको म्हणतेय की आता सगळा एकच रंग झाला, बघणारा वेगळा आणि दिसणारा वेगळा असं काही उरलंच नाही. किशोरीताई ते इतकं सावकाश गातात की घाईत असाल तर लावूच नका. अभंगाच्या शेवटी सोयराबाई स्वतःचं नाव घालत नाहीत, चोखोबांची बायको म्हणून येतात, आणि तेही जातीच्या नावाने. सगळा रंग एक झाला असं सांगणारी बाई सही करताना जात लपवत नाही. याच बाईंनी दुसऱ्या एका अभंगात विटाळावर सरळ प्रश्न केलाय की विटाळाशिवाय देह जन्मतो तरी कुठे? सातशे वर्षांपूर्वी!

लो-फाय अभंग ऐकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, माउली. कामात मन लागत असेल तर जरूर ऐका. फक्त त्यात शब्द मागे जातात, आणि या दोन अभंगांचा जीव शब्दांत आहे. दिवसातून एकदा लॅपटॉप बंद करून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत ऐकून बघा.

मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. वेठीची माणसं, बरेच जण दबलेले. हाडं ओळखायची कशी? परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले आणि एकेक हाड कानाला लावून बघत राहिले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती हाडं त्यांनी चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरपूरला आणली. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ समाधी आहे. ज्याला लोक शिवत नव्हते, त्याची हाडं कानाशी धरून ऐकत बसलेले नामदेव मला डोळ्यांसमोर दिसतात. यावर्षी वारीला जाणार असाल, तर आत जायच्या आधी तिथे दोन मिनिटं थांबा.

उद्या अध्याय सहावा. प्रल्हाद वर्गातल्या पोरांशी बोलतो.

जय गजानन!