हरणाऱ्या फौजेचा सेनापती

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं, हे तिथे रोज कार्ड पंच करणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यातल्या रविवारी कणीस खायला जायचं धरण. कठीण काळात टीम कशी सांभाळावी यावर त्यांच्या कंपन्यांत कार्यशाळा होतात. त्या विषयाचं सगळ्यात कडू उदाहरण मात्र त्याच धरणाच्या पाण्याखाली आहे.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीच्या धरणाचं काम चालू होतं. मुंबईला वीज हवी होती आणि त्यापायी मुळशी पेट्यातली पन्नासेक गावं उठणार होती. त्या दिवशी हजाराहून अधिक मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. त्यांत बायाही होत्या. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. काम थांबलं, काही महिन्यांची सवड मिळाली. वर्ष सरता सरता ते पुन्हा सुरू झालं आणि सरकार भूसंपादनाचा कायदा घेऊन कंपनीच्या पाठीशी उभं राहिलं. मग तुरुंगाच्या वाऱ्या.

सरकार आणि कंपनी एकत्र येणार, यात नवल नाही. मला कुतूहल आहे ते आतल्या फुटीचं. पेट्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. मावळा नुसता कसणारा. सावकाराला भाव चांगला मिळाला की जमीन गेल्याचं सोयरसुतक नव्हतं. मावळ्याची भातखाचरं, गुरं, घर, देव, सगळं तिथेच. पुण्याच्या पुढाऱ्यांतही मोबदल्याची भाषा बोलणारा एक गट होता. घोषणा सगळ्यांची एक, पण पणाला लागलेलं प्रत्येकाचं वेगळं. हे वेगळेपण वेळेवर, तोंडावर बोललं गेलं नाही की फौज आतून पोखरत जाते. मुळशीत तेच झालं, असं माझं मत आहे.

आता हिंजवडीत या. २०२५च्या जुलैत टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करण्याची घोषणा केली. असं काही झालं की सगळ्याच कंपन्यांत मीटिंगा लागतात. एखादी टीम डोळ्यांपुढे आणा. मॅनेजर सांगतो, आपण एक कुटुंब आहोत, घाबरू नका. समोरच्या मुलीच्या वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, शेजारचा तीन महिने बेंचवर आहे. मॅनेजरच्या लॅपटॉपमध्ये मात्र एक यादी आहे, आणि ती पूर्ण केली तर त्याची स्वतःची खुर्ची शाबूत राहणार आहे. त्याला मी लबाड म्हणणार नाही. तोही हप्ते भरतोच. पण तो ‘आपण’ म्हणतो तेव्हा त्याची गत पुण्याच्या सावकारासारखी असते. टीमलाही ते कळतं. रेझ्युमे त्याच संध्याकाळी अपडेट होतात.

याच्या अगदी उलट टोकाला मुळशीच्या लढ्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. मुळशीला येण्याआधी ते मुंबईत झाडूवाल्यांच्या संपात उतरलेले. मुळशीतच लोकांनी त्यांना सेनापती केलं. स्वतःची कातडी वाचवून दुसऱ्याला पुढे ढकलणारा हा माणूस नव्हे. १९२४च्या डिसेंबरात लढा विझत आला होता. तेव्हा त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाचं सामान नेणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली, हातात पिस्तूलही घेतलं, आणि मग सात वर्षांची शिक्षा अंगावर घेतली.

बापटांपुढे हात जोडावेत असंच हे आहे. तरीही एक शंका राहते. १९२१ला हजारावर माणसं बरोबर होती, १९२४ला मूठभर. पुढारी जोखीम स्वतःच्या अंगावर ओढत जातो, तसतशी बाकीच्यांना करण्यासारखी कामं उरत नाहीत. ते नुसते पाहणारे होतात. ऑफिसातही असा एक टीम लीड असतोच. रात्री दोनला तोच जागा, क्लायंटच्या शिव्या तोच खाणार, पोरांना काही कळू देणार नाही. पोरं त्याच्यावर जीव टाकतात आणि प्रोजेक्ट बंद झाल्यावर सगळ्यात बेसावध तीच सापडतात.

मला वाटतं, हरणाऱ्या फौजेच्या सेनापतीचं खरं अवघड काम शौर्याचं नसून वेळेचं आहे. बाजी हातची जाते आहे हे, बोलणी करायला थोडी जागा शिल्लक असतानाच, सांगायचं. मग कुठल्या अटींवर निघायचं, कुणाची सोय आधी लावायची, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. असं सांगणाऱ्याला कुणी सेनापती म्हणत नाही. बापटांसारख्या माणसाच्या तोंडी ती भाषा बसलीही नसती.

धरण झालं. १९२७पासून त्याच्या पाण्यावर सह्याद्रीच्या कोकणातल्या अंगाला भिऱ्याचं वीजघर चालू लागलं.

हिंजवडीत टीम सांभाळणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की पुढच्या मीटिंगमध्ये ‘कुटुंब’ हा शब्द वगळा. निर्णय कोण घेणार, तो कधी कळणार आणि त्यात तुमचं स्वतःचं काय अडकलंय, या तीन गोष्टी आधी सांगून टाका.